खिडकीवरची माशी
फिनेलचा वास आला की मला गोडादऱ्याच्या वस्तीतलं आमचं एका खोलीचं घर आठवतं. ताईला बघायला भेस्तानचे पाहुणे यायचे होते, म्हणून आई सकाळपासून घर पुसत होती आणि माझं सगळं लक्ष खिडकीकडे होतं. एक बुरशी माशीच्या अंगात शिरते, संध्याकाळी तिला उंच जागी चढायला लावते, तोंडाने तिथेच चिकटवते आणि पंख वर उचलायला लावून मारते. मग तिच्या पोटातून पांढरी भुकटी उडते. माझ्या प्रकल्पासाठी तशी माशी कॉलेजात दाखवायला दुसरा दिवस शेवटचा होता, आणि नेमकी पाहुण्यांच्या चहाच्या वेळी एक माशी आमच्या काचेवर चढून तशीच थिजली. मुलाच्या आत्याने ती झटकायला रुमाल उचलला. आई घाईने म्हणाली, "राहू द्या बाई, धाकलीना अभ्यास शे तो." आत्या हसली, "माशीना अभ्यास? मंग मोठी काय शिकनी, मच्छर?" आणि तिने रुमाल परत कमरेला खोचला. पाहुणे गेल्यावर ताईच नव्या साडीत स्टुलावर चढली आणि भुकटी झेलायला माशीखाली माझी कॉलेजातली छोटी काचपट्टी धरून म्हणाली, "सांग, अशीच ना?" मला पूर्ण गुण मिळाले, भेस्तानहून निरोप मात्र आलाच नाही. आज ताई कोसाडला तिच्या संसारात रमली आहे, मी कॉलेजात शिकवते, पण त्या आत्याला माशी झटकू दिली असती तर तुझं तिथे जमलं असतं का, हे मी ताईला अजून विचारू शकलेले नाही.