राबियाभाभीची झाकलेली मूठ

सुनेच्या ओल्या मेंदीचा वास आला आणि मला निपाणीची राबियाभाभी आठवली.

ती आमच्या शेजारी विड्या वळायची. तिचा नवरा वारून महिना झाला असेल, तेव्हा आईची नथ पेटीतून नाहीशी झाली. आई स्वतः पाच वर्षांपूर्वी विधवा झालेली, नथ तेव्हापासून पेटीतच असायची. त्याच सकाळी भाभी ताक मागायला मागच्या दारानं आली, ती डावी मूठ पदराखाली झाकून. आईनं मला डोळ्यानं खुणावलं. मी दहा वर्षांची. झडप घालून मूठ उघडली.

नथ नव्हती. तळव्यावर रुपयाएवढी लालभडक मेंदी होती.

भाभीचा चेहरा उतरला. "इद्दत हाय माझी, आक्का. पैगंबरांच्या काळापासनं रीत हाय, नवरा मेल्यावर चार महिने धा दिवस मेंदी लावायची न्हाय. पर हात लई भुंडा दिसत हुता. कुणाला सांगू नगा."

आईनं तिची मूठ स्वतःच्या हातानं मिटवली. "जा गं. आमी काय बघितलं न्हाय."

चार दिवसांनी नथ आरशामागं सापडली. तेव्हा मला नुसता आनंद झाला. घरात आम्ही दोघीच; पेटीतली नथ आरशापाशी कुणी नेली असेल, याचा संशय मात्र मला आता येतो.