नाव फोटोच्या आत लिहायचं

मी वाचायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावरून. वडिलांचं सांगलीत स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान. पोटासाठी ते लग्नपत्रिका छापायचे आणि जिवासाठी पत्रकं. नळाला पाणी नाही, काढ पत्रक. शाळेला मास्तर नाही, काढ पत्रक. त्यांचा एक नियम कधी मोडला नाही. पत्रकाच्या तळाशी ते कोण म्हणतंय आणि कुठं छापलंय, हे आलंच पाहिजे. ज्याच्याखाली नाव नाही त्याला ते पत्रक म्हणतच नसत, चहाडी म्हणत.

त्यामुळं नाव नसलेला फोटो दिसला की माझं डोकं फिरतं. ‘कष्टकरी महिला’, ‘ग्रामीण जीवन’ असल्या ओळींखाली हसणारी बाई कोण, हे छापायला यांची शाई संपते का?

गेल्या हंगामात मी ठरवलं, बाजारात हळकुंडं निवडणाऱ्या आमच्या वस्तीतल्या बायकांचे फोटो काढायचे आणि विहाराच्या वाचनालयात रविवारी सगळ्यांना दाखवायचे. त्यांच्यातली सगळ्यात जुनी मावशी, माहेर म्हसवडकडचं. हळकुंडं निवडून तिच्या बोटांना कायमचा पिवळा रंग चढलेला. तिनं मला तिथंच अडवलं.

“मागं एकानं असाच काढला माजा फोटू. मसाल्याच्या बोर्डावर लावला हुता, हत्तीएवढा. लोक इचारायचे, ही कोण रं? कोण न्हाई, हळदवाली! तसला आनी येक काढनार असशील तर नगं.”

“तुमचं नाव लिहीन की मावशी खाली.”

“खाली लिवलेलं कापत्यात. माजं नाव माज्या तोंडानं निघालं पायजे, आन् फोटूतनं निघालं पायजे. जमतंय का बग.”

जमत होतं! माझ्या फोनमध्ये हलते फोटो निघतात. बटण दाबलं की एक चित्र येतंच, पण दाबण्याआधीचा आणि नंतरचा मिळून तीनेक सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट, त्याच फाइलच्या पोटात जाऊन बसतो. फोटोवर बोट धरून ठेवलं की तो हलतो, बोलतो. म्हणजे प्रत्येकीनं नाव सांगायला सुरुवात करायची आणि मी मध्येच बटण दाबायचं. शिवाय फाइलच्या पुढच्या भागात टॅग लिहिता येतात, चित्रावर न दिसणाऱ्या नोंदी. तिथं नाव, काम आणि परवानगी लिहिली की फोटो कसाही कापला तरी नोंद कापली जात नाही. मला तर पंख फुटले.

अठ्ठावीस जणी होत्या. पोत्यांच्या थप्पीपुढं एकेकीला उभं केलं. एक नवी नवरी लाजत लाजत उखाण्यालाच लागली. तीन सेकंद संपले, तरी ती चांदीच्या ताटापर्यंतच पोचलेली.

“नवऱ्याचं नगं गं, तुजं सांग!” मावशी ओरडली. “तेचं नाव काय घ्याचं ते घरी घे!”

सगळ्या अशा हसल्या की पुढच्या चार फोटोंत नावामागं हसूच ऐकू येतं.

टॅग लिहिणं हे वेगळंच प्रकरण निघालं. दुकानातल्या संगणकावर मी त्यासाठीचं एक मोफत साधन उतरवून घेतलं. ते साधन आधीपासून ठरलेलेच टॅग ओळखतं: तारीख, कॅमेरा, जागा. ‘स्वतः सांगितलेलं नाव’ असा टॅग जगात कुणाला लागलाच नव्हता. मग आपल्या टॅगांची वेगळी यादी त्याला जाहीर करून द्यावी लागते. मी चार टॅग जाहीर केले: स्वतः सांगितलेलं नाव, काम, किती वर्षं, परवानगी कशासाठी. शुक्रवारी दुपारी पहिल्या फोटोतली नोंद उघडली आणि पडद्यावर मराठीत अक्षरं उमटली, ‘काम: हळकुंडं निवडणे’. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. वडील पत्रिका वाळत घालत होते. म्हणाले, “छापलंस वाटतं काहीतरी.”

सगळ्या अठ्ठावीस फोटोंना एकदम टॅग लावायची आज्ञा लिहिली. लिहिताना हातानं दुकानाचीच सवय पाळली. आमच्याकडं नवा मजकूर घेण्याआधी छपाईच्या जाळीची फ्रेम धुऊन स्वच्छ करतात, नाहीतर जुनी अक्षरं नव्यात उमटतात. मीही आज्ञेत तसंच लिहिलं: आधीच्या सगळ्या नोंदी पूस, मग माझ्या लिही. मूळ प्रती ठेवू नकोस, असंही लिहिलं. वर फोनमधले फोटोही मी संगणकावर हलवून मोकळी झाले होते.

शनिवारी सकाळी मावशी दुकानात आली. “दाव की. उद्या पोरगा येनार हाय इट्यासनं. तेला दावाचंय.”

फोटो पुन्हा फोनवर घेतले. मावशीनं तिच्या फोटोवर पिवळं बोट धरलं. फोटो हलला नाही. तिनं जोरात दाबलं. दुसरा फोटो, तिसरा. एकही बोलेना. टॅग मात्र सगळे जागच्या जागी.

“मुकाच झाला की गं ह्यो,” मावशी म्हणाली. मग हळूच, “ऱ्हाऊ दे. माजा फोटू काडून टाक उद्याच्यातनं. बोर्डावरचा हाय तेवडा बास.”

ती जाऊन बाकड्यावर बसली. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जिनं एकच अट घातली होती, तिचाच आवाज मी पुसला होता, आणि कशासाठी, तर तिचं नाव लिहिण्यासाठी!

वडिलांनी विचारलं, “फाइल केवढी आहे?” पत्रिकेची फाइल आली की ते पहिल्यांदा हेच विचारतात.

मी पाहिलं. साध्या फोटोच्या दुपटीहून मोठी! नुसतं चित्र एवढं जड नसतं. म्हणजे व्हिडिओ आत होता! फोनमधला एक जुना हलता फोटो उघडून ताडला, तेव्हा कळलं: मी पुसलेल्या नोंदींत एक फोनची स्वतःची नोंद होती, शेवटाकडून इतके बाइट मोजा, तिथून व्हिडिओ सुरू होतो. ती गेली, म्हणून फोनला पत्ता सापडत नव्हता. आवाज घरातच होता, दारावरची पाटी तेवढी मी काढली होती.

“मावशी, जाऊ नका! तुम्ही आहात आत!”

“कुटं आत?”

मी फाइलचे बाइट उघडले. असल्या व्हिडिओच्या सुरुवातीला चार अक्षरांची एक खूण असते. ती शोधली, तिथून शेवटापर्यंतची लांबी मोजली, आणि त्या जुन्या फोटोतल्या नोंदीच्या धर्तीवर फोनची नोंद परत लिहिली. या वेळी काहीही न पुसता. फोनवर घेतलं. मुकाच. पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, व्हिडिओ त्या खुणेच्याही चार बाइट आधी सुरू होतो. लांबीत चार मिळवले. मावशीनं बोट धरलं.

फोटोतली मावशी हलली, पदर सावरला आणि बोलली. नाव, मग आडनाव. ते मी इथं लिहीत नाही. तिनं ते फोटोसाठी दिलंय, या लेखासाठी नाही.

“आरं तिच्या मारी!” बाकड्यावरची मावशी म्हणाली आणि पुन्हा बोट धरलं. पुन्हा. सातव्यांदा वडिलांनी हातातलं काम टाकलं आणि ऐकायला आले. बाकीच्या सत्तावीस जणींना बोलतं करायला मला दुपार लागली. प्रत्येकीचा आवाज आला की मावशी मोठ्यानं मोजायची. उखाणेवालीचं चांदीचं ताट आलं तेव्हा ती हसून हसून खोकली.

रविवारी वाचनालयात फोन आणि जोडीला एक भाड्याचा मोठा टीव्ही मांडला. मावशीचा पोरगा सोनं वितळवून शुद्ध करायच्या, गलाईच्या कामाला दूर मुलखात असतो, सुट्टीवर विट्याला आलेला. टीव्हीसमोर उभा राहून त्यानं आईचा फोटो ऐकला. मग म्हणाला, “आवं आई, गाव न्हाई सांगितलंसा? नुसत्या नावाच्या छप्पन्न बाया असत्यात.”

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

“खरं हाय की,” मावशी म्हणाली. “पोरी, काड तो फोन. ह्यो फोटू ऱ्हाऊ दे, दुसरा घे. ह्या बारीला म्हसवड बी सांगते. आन् लवकर दाबू नगंस, मी सांगंस्तवर थांब.”

मी फोन उचलला. तिनं पदर नीट केला, टीव्हीकडं पाठ केली, आणि माझ्या खुणेची वाट न बघता बोलायला सुरुवात केली.