पोचल्याचा निरोप

ये गं वत्सला, अशी जवळ बस. लांबून मान डोलावणं पुरे झालं. अप्पांच्या तेराव्याला पुण्याहून आलीस, पानं वाढलीस, आणि पाहुण्यांना त्यांची तीच गोष्ट रंगवून सांगितलीस... "आमच्या आईनं अप्पा लढाईवरून येईपर्यंत घर झाडलं नव्हतं!" माणसं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी गाडी धरून तू गेलीससुद्धा. तुझ्यावर रागावू कशी? गोष्ट तुला अप्पांनीच दिली. पण माझ्याकडची कुणी विचारलीच नाही, म्हणून इथं मासिकात लिहिते. चार परकी माणसं वाचतील, वाचू देत.

एकाहत्तर साल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुझे अप्पा नौदलात, जहाजाच्या इंजिनखोलीत. रजेवर आले होते, तार आली तसे अर्ध्या रजेत विशाखापट्टणला निघाले. मद्रासला ट्रिप्लिकेनच्या घरात मी आणि सासूबाई. आमच्या तंजावरच्या घरांतली रीत अशी, की घरचं माणूस प्रवासाला गेलं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही. एरवी दोन दिवसांत निरोप यायचा. पण लढाईवर गेलेलं जहाज कुठं पोचतं, आणि कोण कळवणार? मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, बंदरात पोचले असतीलच की आता." तर म्हणाल्या, "बंदर बघायला गेलाय का तो? झाडूला हात लावशील तर बघ."

नाही लावला. समुद्रावरची वाळू घरभर पायांखाली करकरायची. कोपऱ्यात केसांचे गुंते. रेडिओवर आपलं एक जहाज बुडाल्याचं सांगितलं. नाव दुसरं होतं, तरी मी ताट सारून उठले. लढाई थांबली, तरी यांचा निरोप नाही. असल्या दिवसांत, डिसेंबराच्या मध्याला, मार्गळी महिना लागला. मद्रासचा मार्गळी तुला ठाऊक आहे, पहाटे दारोदार हे मोठे कोलम. उंबऱ्याबाहेर झाडल्याशिवाय रांगोळी कशी घालणार? सगळ्या गल्लीत आमचंच दार कोरडं. आणि इथं ज्या घरी कुणी वारलेलं असतं, त्याच घरापुढं कोलम नसतो. हे आम्हां दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

समोरच्या पट्टू मामी एके सकाळी आल्या. चप्पल बाहेर काढली, माझे हात धरले. मग म्हणाल्या, "कधी कळलं, अम्मा?"

मला वाटलं, यांनाच काही कळलंय. मी म्हटलं, "तुम्हांला कुणी सांगितलं?" त्या रडायला लागल्या. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, मामींकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे... कुंकवाकडे. वत्सला, ती नजर अजून माझ्या कपाळावर आहे. मी तिथंच वाळूत बसले. बऱ्याच वेळानं मामी डोळे पुसत म्हणाल्या, "दारात कोलम दिसेना, म्हणून आले गं."

तेवढा वेळ मी विधवा होते. नंतरही सासूबाईंनी झाडू दिलं नाहीच.

जानेवारीत जहाज परतलं, अप्पा धडधाकट आले. दारातूनच ओरडले, "हे घर आहे का उकिरडा?" मग सासूबाईंनी सगळं सांगितलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथून पुढं मित्रांत मला उभं करून म्हणायचे, "भेटा, ही माझी विधवा!" मी चहाचा ट्रे धरून हसायची. एकदाच विचारलं, "तिकडं भीती वाटली का हो?" तर म्हणाले, "तुला काय करायचंय?" रेडिओ मोठा केला. त्यांची लढाई त्यांनी सांगितली नाही, माझ्या लढाईचा विनोद केला. बाजारातून भाजी घेऊन आले तरी दारात उभं राहून म्हणायचे, "पोचलो गं! मार आता झाडू!" वीस-बावीस वर्षं ऐकलं. अंगावर काटा यायचा. त्यांना कधी दिसला नाही.

ते गेले त्या दिवशी त्यांना बाहेर नेलं आणि लगोलग तुझ्या आत्यानं मागून घर झाडून काढलं. तीही रीतच. त्यांच्या खोलीच्या दारात मात्र मी आडवी उभी राहिले. आत त्यांची खुर्ची आहे, खाली पावडरीचा पांढरा सडा, खिडकीतून आलेली वाळू. आत्या म्हणाली, "वहिनी, आता कुणाच्या निरोपाची वाट बघतेस?" मी खोलीचं दार ओढून घेतलं.

तू ये. रजा मिळत नाही वगैरे सांगू नकोस, ह्या महिन्यातच ये. आणि हे बघ, दारातून आत शिरताना ते म्हणायचे तसं हसत म्हणू नकोस. नुसतं म्हण, आई, पोचले. मग झाडते मी ती खोली.