एकदाच केलेला फोन

"थांब. मला न्हाय कळलं. परत सांग."

एवढं म्हणून काका चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि पुन्हा डोळ्यांवर चढवायचे. चष्मा स्वच्छ झाला की समोरच्याचं बोलणंही स्वच्छ ऐकू येईल, अशी त्यांची समजूत असावी. समोर कोण आहे याने काही फरक पडत नसे. आमचे शेठ असोत, बँकेचा माणूस असो, की टेलिव्हिजनवरचा बातम्या देणारा असो. त्यालासुद्धा ते थांब म्हणायचे. तो थांबत नसे, एवढंच.

आपण सगळे काय करतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. कळलं नाही तरी मान हलवतो. न कळल्याची लाज वाटते. काकांना ती कधी वाटलीच नाही, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते आमच्यापैकी कुणाला वेळेवर उमगलं नाही. मला तर अजूनही त्यातलं बरंचसं उमगलेलं नाही.

बोर्ली पंचतनच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. मासळीची कोल्ड स्टोरेज चालवणारी लहानशी कंपनी. एक स्टोरेज दिघीला खाडीच्या कडेला, दुसरं श्रीवर्धनला. दोन्हीकडच्या थंड खोल्यांचं तापमान बोर्लीतल्या सर्व्हरवर येतं आणि त्यावर लक्ष ठेवायला एक सॉफ्टवेअर आहे. मी श्रीवर्धनची. पनवेलला थोडे दिवस नोकरी करून परत आले होते. काका भरडखोलचे, कोळ्यांच्या घरातले. भाऊ होड्यांवर गेले, हे मात्र तारांच्या मागे लागले. मुंबईत टेलिफोनच्या यंत्रांच्या खोलीत सगळी नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी आले. शेठनी त्यांना बोलावून पडद्यासमोर बसवलं आणि नंतर माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आली.

पहिल्याच दिवशी पडद्यावर लाल ओळ उमटली: दिघी, स्क्रिप्ट अयशस्वी. मी घाबरले.

"काका, दिघीची मासळी खराब झाली?"

"असं कुठं म्हणतंय ते?"

"मग ठीक आहे?"

"तसं पण म्हणत न्हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"हे बघ बाय. स्क्रिप्ट म्हणजे आपण धाडलेला माणूस. त्याला सांगितलं, दिघीला जा, खोली किती थंड हाय ते विचारून ये. खोली तापलीय असं त्याने येऊन सांगितलं तर पिवळी ओळ. पण हा माणूस पोचलाच न्हाय, न्हायतर वाटेत पडला, तर लाल. खोलीचं काय झालं ते त्याला ठाऊक न्हाय, म्हणून आपल्यालापण ठाऊक न्हाय."

"मग आपण काय करायचं?"

"फोन करायचा."

दिघीच्या स्टोरेजवर हमीदभाई होते. दार, बर्फ, माल चढवणं-उतरवणं सगळं तेच बघत. काकांचा फोन गेला की ते दाराबाहेरचा तापमानाचा काटा वाचून दाखवत. काटा ठीक असला की काका स्क्रिप्टच्या मागे लागत. बहुतेक वेळा दुखणं स्क्रिप्टचंच असे. कधी दिघीचं नेट गेलेलं, कधी तापमान मोजणारी डबी अडकलेली, कधी उत्तर यायला इतका उशीर की सॉफ्टवेअरने वाट बघणं सोडून दिलेलं.

एकदा तर आठवडाभर एक स्क्रिप्ट पडत राहिली. गंमत म्हणजे काकांनी किंवा मी हाताने चालवली की ती निमूट चालायची. सॉफ्टवेअरने चालवली की लाल. आम्ही दोघं हैराण. शेवटी शेठनी पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो तरुण भराभर बोलत होता, शेठ मान हलवत होते, मीही हलवत होते.

"थांबा," काका म्हणाले. "मला न्हाय कळलं. परत सांगा."

त्याने परत सांगितलं. काकांनी पुन्हा थांबवलं. तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, खरं सांगू? मलाही नीट नाही कळलेलं. बघून सांगतो."

मग पुढची दुपार ते दोघं फोनवर मजेत एकमेकांना प्रश्न विचारत बसले. कारण निघालं ते साधं होतं. आम्ही स्क्रिप्ट चालवायचो ती आमच्या नावाने. सॉफ्टवेअर चालवायचं ते स्वतःच्या वेगळ्या नावाने, आणि त्या नावाचा पासवर्ड कुणीतरी बदलला होता. दार तेच, चावी वेगळी. "कुणीतरी" म्हणजे शेठ, हे कळल्यावर शेठनी सगळ्यांना वडापाव मागवला.

अशा माणसाने एखादी गोष्ट पुन्हा विचारली तर तुम्ही काय समजाल? मी जे समजले तेच.

सकाळी निस्तरलेल्या लाल ओळीबद्दल ते जेवणाआधी विचारू लागले. मी सांगायचे. जेवल्यावर परत विचारायचे. मला वाटायचं, यांचं समाधान होत नाही, मुळापर्यंत गेल्याशिवाय सोडणार नाहीत. मी पहिल्यापासून सांगायचे. माझाच फायदा होत होता, कारण सांगता सांगता मलाच ते पक्कं कळत होतं.

मग एकदा ते दिघीला हमीदभाईंकडे डबी बदलायला निघाले आणि दुपारी त्यांचा फोन आला.

"बाय, मी आगरदांड्याला कशाला आलो?"

आगरदांडा खाडीच्या पलीकडे. दिघीहून फेरीबोटीत बसावं लागतं. मी हसले. म्हटलं, "काका, तुम्ही दिघीलाच जाणार होता. डबी बदलायला."

"व्हय का. डबी हाय खरी पिशवीत." फोनमधून खाडीचा वारा ऐकू येत होता. "गप्पांत चढलो असणार फेरीत. कुणाशी तरी बोलत होतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा किस्सा सगळ्यांनी रंगवून सांगितला. काकाही हसले. कुणाशी बोलत होते ते काही त्यांना आठवलं नाही.

मे महिना संपत आला होता. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या आधीची शेवटची मासळी दिघीला भरली होती. भरडखोलच्या कित्येक घरांची, काकांच्या भावांचीसुद्धा. अशात एका दुपारी लाल ओळ आली: दिघी, स्क्रिप्ट अयशस्वी. काकांनी हमीदभाईंना फोन लावला. काटा ठीक आहे, असं हमीदभाई म्हणाले. काकांनी मला सांगितलं, "काटा ठीक हाय." मी स्क्रिप्ट बघायला घेतली. हाताने चालवली तरी पडत होती. पलीकडून उत्तरच येत नव्हतं.

थोड्या वेळाने काका पडद्याकडे बघून म्हणाले, "अगं, दिघी लाल हाय," आणि त्यांनी हमीदभाईंना फोन लावला. तेच प्रश्न विचारले. तेच उत्तर आलं. "काटा ठीक हाय," त्यांनी मला सांगितलं. परत थोड्या वेळाने, "अगं, दिघी लाल हाय."

मी त्यांच्या शेजारी बसून हे बघत होते. मला वाटलं, हमीदभाईंच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसत नाहीये. त्यांना काहीतरी जाणवलंय जे मला जाणवत नाहीये. त्यांच्या आवाजात दर वेळी तीच ताजी काळजी होती, जणू ओळ आत्ताच दिसली आहे. मला ते विचित्र वाटलं, पण विचित्र वाटलं म्हणून करायचं काय, ते कळेना.

फोनमधून हमीदभाईंचा आवाज मला इकडे ऐकू आला. "काका, अल्लाशपथ, आता किती वेळा सांगू? चला, दार उघडतो, फोन आत धरतो. मोटरचा आवाज तुम्हीच ऐका."

मग दार उघडल्याचा आवाज आला. मोटरचा आवाज नव्हताच. नुसतं पाणी ठिबकत होतं.

मोटर आणि डबी एकाच फ्यूजवर होत्या. फ्यूज उडाला आणि दोन्ही एकदम बंद पडल्या. बाहेरचा काटा कधीतरी गंजून जागच्या जागी अडकला होता आणि थंडी दाखवत उभा होता. पुढचा सगळा वेळ धावपळीत गेला. शेठनी बर्फाची गाडी वळवली, वायरमन आला, दिघीतली आणि भरडखोलची माणसं टोपल्या घेऊन पोचली. वरच्या थरातली थोडी कोळंबी गेली. बाकीची सगळी मासळी वाचली.

दुसऱ्या दिवशी शेठ माडी चढून आले ते पेढे घेऊनच. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याला म्हणतात चिकाटी. काटा ठीक आहे म्हणून दुसरा गप्प बसला असता. तुम्ही फोनवर फोन केलेत."

काका पेढा हातात धरून शेठकडे बघत होते.

"मी एकदाच फोन केला," ते म्हणाले.

शेठ हसले. त्यांना तो विनय वाटला. हमीदभाईही आले होते, तेही हसले. "एकदाच? माझा कान अजून दुखतोय, काका."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. लोक कशाला हसताहेत हे एखाद्या परगावच्या माणसाला कळू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी माझा पेढा तसाच ठेवून दिला.

सगळे खाली उतरल्यावर त्यांनी खुर्ची वळवली.

"बाय, तू शेजारी होतीस. मी किती वेळा फोन केला?"

खोटं सांगितलं असतं तर ते माझ्यावर विश्वास ठेवून मोकळे झाले असते. पण आजवर त्यांनी मला जे विचारलं त्याचं मी खरंच उत्तर दिलं होतं.

"पुष्कळ वेळा केलात, काका. दर वेळी पहिल्यांदाच करत असल्यासारखा."

खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं.

"आगरदांड्याला गेलो होतो, ते गप्पांत न्हाय ना?"

"मला नाही माहीत, काका."

"मलापण न्हाय," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस."

त्याच दिवशी ते शेठकडे गेले. मी सोबत होते. शेठ म्हणत होते की थोडी विश्रांती घ्या, वय झालं की होतंच, मीसुद्धा चावी विसरतो. काकांनी मान हलवली नाही.

"शेठ, काल नशिबानं वाचली. उद्या मी एकदापण फोन करणार न्हाय, आणि केलाय असं मला वाटंल. माझ्या भरवशावर लोकांची मासळी ठेवू नका."

काकांनी पंख्याचं बटण बंद केलं, जिना उतरले आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. मी मागे गेले तर म्हणाले, "वाट ठाऊक हाय अजून." खरंच ठाऊक होती.

पुढे काकूंनी फोनवर सांगितलं, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणारा. गोळ्या आहेत, पण गेलेलं परत येत नाही. तेव्हापासून मी आठवत बसते. ते पुन्हा विचारायचे त्यातलं कुठलं त्यांच्या स्वभावातलं आणि कुठलं आजारातलं? पुण्याच्या इंजिनिअरला थांबवलं ते नक्की ते स्वतः. दुपारी जेवल्यावर विचारायचे ते? कधी एका बाजूला ठेवते, कधी दुसऱ्या. तुम्ही कुणाला असं हळूहळू दूर जाताना पाहिलं असेल, तर रेघ कुठे मारायची ते मला सांगा.

पावसाळा सरल्यावर मी भरडखोलला गेले. काकूंनी अंगणात बोंबील वाळत घातले होते आणि काका पायरीवर बसून कावळे हाकत होते. तब्येत चांगली दिसत होती. मला बघून उठले, पाट दिला, पाणी आणायला सांगितलं. पण मी कोण ते त्यांना कळलं नव्हतं. काकूंनी नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं. ते आदराने "हो का" म्हणाले, जसं आपण पाहुण्याला म्हणतो. मला ते अहो-जाहो करत होते. मी दिघीचं सांगितलं, नवी डबी बसवली, काटाही बदलला. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मधे एकदाही मला थांबवलं नाही. तेच मला सगळ्यात जड गेलं.

निघताना काकू म्हणाल्या, "थांब्यापर्यंत येऊ दे त्यांना, तेवढंच चालणं होतं," आणि त्या थोडं अंतर ठेवून मागून चालू लागल्या. आम्ही दोघं समुद्राच्या कडेने गेलो. काका माझ्यापुढे एक पाऊल राहून वाटेतले दगड दाखवत होते.

बोर्लीची एसटी आली तेव्हा त्यांनी हात दाखवून ती थांबवली. मी चढून बसले. ते खिडकीशी आले नाहीत, सरळ दारात कंडक्टरकडे गेले. एक पाय पायरीवर ठेवून त्याला म्हणाले, "ह्या बाईंना बोर्लीला उतरवा. नवीन हायत, त्यांना हिकडचं काय ठाऊक न्हाय. चुकतील."

कंडक्टर मला रोज बघणारा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, मग मागे उभ्या असलेल्या काकूंकडे.

"उतरवतो, काका," तो म्हणाला. "काळजी करू नका."

गाडी वळणावर गेली तरी काका रस्त्यातच उभे होते, मी नीट जातेय की नाही ते बघत. काकू त्यांचा हात धरून वाट बघत होत्या.

बोर्ली आली तेव्हा कंडक्टर उठून माझ्या सीटजवळ आला. "बाई, बोर्ली आली," तो हळू म्हणाला. "उतरा."

मी उतरले.