एका रिंगची पोच

ऑफिसात नवीन कोणी आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला माझं प्रवचन ऐकावं लागायचं. विषय ठरलेला: संदेश पोचला म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका.

मी गाड्यांच्या आतल्या चिपांसाठी प्रोग्राम लिहिते. बसमध्ये ब्रेकचा, दारांचा, मोटरचा असे छोटे छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते सगळे तारांच्या एकाच जोडीवर आपापसांत बोलतात. एकानं संदेश सोडला की दुसऱ्या कोणीतरी लगेच त्याची पोच द्यायची असते. ती मिळाली नाही तर पाठवणारी चिप तोच संदेश पुन्हा पाठवते, पुन्हा पाठवते, दमत नाही. पण पोच मिळाली तरी तिचा अर्थ एवढाच, की संदेश धड आला. समोरच्याला तो समजला का, त्यानं त्यावर काही केलं का, हे पोचेवरून कळत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की माझी टीम पाठीमागं माझी नक्कल करते.

त्या आठवड्यात आम्ही एका इलेक्ट्रिक बसच्या चाचणीत अडकलो होतो. बाहेर जाणारे संदेश ठेवायला त्या चिपमध्ये जेमतेम तीन कप्पे. एखादा जुना संदेश निघाला नाही की कप्पा अडवून बसतो आणि मागं तातडीचा ताटकळतो. म्हणून ठरावीक वेळ वाट बघायची आणि मग जुना रद्द करून कप्पा मोकळा करायचा. ऐकायला सोपं आहे. पण कधी रद्द करा म्हणेपर्यंत तो निघून गेलेला असतो, तर कधी मघाचा शिळा संदेश आत्ताचा म्हणून पोचतो आणि उघडं दार बंद दिसतं. तीन दिवस मी त्यावर डोकं आपटत होते. जेवणाची शुद्ध नव्हती, आणि कोणी दोन शब्द बोलायला आलं तर त्याच्या अंगावर जात होते.

आमचं घर माकणीच्या शिवारात, गावापासून लांब, शेतातच. तिथं आई आणि अप्पा दोघंच. मी एकुलती, पुण्यात. विहीर खोदताना सुरुंग उडवून उडवून अप्पांचे कान गेले, त्यांना फोनवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्यामुळं बोलायची ती आई. पण लेकीशी आपलंही काही बोलणं असावं असं अप्पांना वाटे, म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढली होती. संध्याकाळी सात वाजता ते मला एक रिंग देऊन कापायचे. म्हणजे इकडं सगळं बरं आहे. मग मी उलटी एक रिंग द्यायची. फोनचा दिवा लागलेला दिसला की ते समजायचे, पोरीला कळलं. मी नाही दिली तर ते पुन्हा पुन्हा देत बसायचे. आई करवादायची, "अवो, कामात आसंल की ती. किती येळा वाजवता?"

तातडीच्या निरोपासाठी वेगळी खूण आम्ही ठरवलीच नव्हती. तातडीचं सांगायला आई होती ना. आईच पडली तर काय, हा विचार, ज्या बाईला असल्या गोष्टी आधी सुचाव्यात म्हणून कामावर ठेवलंय, त्या बाईला एकदाही सुचला नाही.

लॅबमध्ये फोन नेता येत नाही, दाराबाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी दीड वाजता जेवायला म्हणून बाहेर आले, लॉकर उघडला, तर घरून अकरा मिस्ड कॉल. मला आठवलं, काल संध्याकाळी कामाच्या नादात मी उलटी रिंग दिलीच नव्हती. मला हसू आलं. शेजारच्या सहकाऱ्याला स्क्रीन दाखवून म्हटलं, "आमच्या अप्पांनाच चिपमध्ये बसवायला पाहिजे. पोच मिळेपर्यंत सोडत नाहीत." तोही हसला. मी एक रिंग दिली, कापली, फोन लॉकरमध्ये ठेवला आणि जेवायला गेले. तीन दिवसांनी त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पहिला कॉल सकाळी नऊचा होता. कालच्या रिंगसाठी कोणी सकाळी नऊपासून वाजवत नाही. हे बघायला दोन सेकंद लागले असते आणि मी ते बघितलं नाही.

घरी काय झालं ते मला नंतर चुलतभावानं सांगितलं. सकाळी भाकरी करता करता आईच्या छातीत कळ आली आणि ती तिथंच कलंडली. आजूबाजूच्या वस्तीवरची सगळी माणसं येडशीला लग्नाला गेलेली. आईला फोन धरून बोलवेना. "पोरीला बोलवा," एवढंच ती म्हणाली. अप्पांना तिला एकटं टाकून रस्त्यावर जाववेना. म्हणून त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. रिंग दिली, कापली, वाट बघितली, पुन्हा दिली.

दीड वाजता त्यांच्या हातातल्या फोनचा दिवा लागला.

चुलतभाऊ लग्नाहून तीनला परतला. आईला बघून त्याचं धाबं दणाणलं. त्यानं मला फोन लावला, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. जीप काढतो, आत्ताच्या आत्ता सोलापूरला जाऊ, म्हणाला. आई ऐकेना. "ती यिऊ दे, मंग जाऊ. निघाली हाय ती. कुलूप बघून पोर दारात बसंल." अप्पाही तेच म्हणाले. एक तास त्यांनी माझी वाट बघितली. मी तेव्हा लॅबमध्ये होते, आणि शेवटी आमची चाचणी पास झाली म्हणून टाळ्या वाजवत होते. चारला चुलतभावानं कोणाचं न ऐकता आईला उचलून जीपमध्ये घातलं. नळदुर्गच्या अलीकडंच ती गेली. जीपमध्ये तिनं दोनदा मागं वळून बघायला लावलं म्हणे, समोरून येऊन निघून गेलेल्या एखाद्या गाडीत मी असेन म्हणून.

चुलतभावाचा फोन ऑफिसच्या गेटवर आला आणि वॉचमननं मला बाहेर बोलावलं. गावापर्यंत कशी गेले ते मला खरंच आठवत नाही.

दिवस झाले, पाहुणे पांगले. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. कोणीतरी माझ्या मुस्काटात द्यायला हवी होती. चुलती उलट माझ्या केसांना तेल लावून द्यायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचे. आई माझी वाट बघत गेली, आणि मीच तिला वाट बघायला लावलं होतं.

चौदाव्या दिवशी सकाळी अप्पा अंगणात बसले होते. चुलती पलीकडं भांडी घासत होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि मला समोर बसवलं.

"तुझी रिंग आली तवा म्या तिला सांगितलं, पोरीला कळलं, निघाली ती. तिनं इचारलं, खरंच का? म्या म्हनलं, व्हय." अप्पांनी खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं. "मंग जरा शांत पडली. निघाली व्हतीस ना तू तवा?"

जन्मभर त्यांनी आईला एक खोटं कधी सांगितलं नाही. बाजारात पानाला किती उडवले तेसुद्धा घरी येऊन सांगणारा माणूस. आता ते माझ्या ओठांकडं बघत होते, कारण ऐकू येत नाही तर ते ओठ बघतात. नाही अप्पा, मी जेवायला गेले होते, हे मला त्यांच्यासमोर अंगणभर ओरडून सांगावं लागलं असतं, दोनदा, तीनदा, त्यांना कळेपर्यंत.

मी मान हलवली. हो म्हणून.

"मंग बरं," अप्पा म्हणाले. उपरण्यानं त्यांनी डोळे पुसले. "मला वाटायलं व्हतं, जाता जाता खोटं बोललो की काय तिच्याशी."

त्याला आता वर्ष होत आलं. मी गावी गेलेली असताना घरी कोणी आलं की अप्पा त्यांना सांगतात, पोर रिंगेसरशी निघाली होती, पण पुण्याहून गाडीच वेळेवर मिळाली नाही तिला, काय करणार. येणारे माझ्याकडं बघून हळहळतात, एखादी म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवते. मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकते.