एकतीस अंशांचं गाव

नांदेड पेटलं होतं, लातूर पेटलं होतं. मुखेडला चव्वेचाळीस, उदगीरला त्रेचाळीस, देवणीकडं तर म्हशी डबक्यातून उठंनात. 'पुढचे पाच दिवस उष्णतेची लाट कायम,' असा अंदाज रोज सकाळी फोनवर यायचा, आणि ते पाच दिवस सरायच्या आत त्याला आणखी पाच दिवसांचं शेपूट फुटायचं. एप्रिल अजून अर्धासुद्धा झाला नव्हता.

या सगळ्या भट्टीत एकाच गावाला ऊन नव्हतं. बोरतळं. तिथं नऊ दिवसांपासून भर दुपारी एकतीस अंश होते.

म्हणजे फोनवर. गावात म्हणाल, तर चिंचेवरची वटवाघळं पाडाच्या आंब्यासारखी टपाटपा खाली पडत होती. हापशाच्या दांड्याला तळहात चिकटत होता. पण फोन उघडला की एकतीस. माणसं फोनकडं बघायची, मग एकमेकांच्या तोंडाकडं. पहिले दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी हसू बंद झालं. बालाजी टेलरनं बायकोच्या कपाळावर हात ठेवून पाहिला, मग स्वतःच्या. "आपल्यालाच ताप हाय का काय गं?" हे त्यानं इतक्या हळू विचारलं की बायको भ्याली.

महामाया भ्याली नाही. ती चिडली.

महामाया रोजगार हमीच्या कामावर मेट, म्हणजे मुकादम होती. तळ्यातला गाळ काढायला साठ बाया, त्यांची हजेरी, त्यांचे सकाळ-दुपारचे दोन फोटो, सगळं हिच्याकडं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवरच्या वर्तमानपत्रांतून. कायद्याचं कलम वाचलं की ते ती पाठ करायची आणि योग्य साहेबाच्या तोंडावर फेकायची. एकदा तहसीलच्या व्हरांड्यात तीन दिवस बसून होती. कारकून म्हणाला, "तुमचा अर्ज कळत न्हाई." ही म्हणाली, "कामून? मोडीत लिहिला का?" चौथ्या दिवशी मस्टर दुरुस्त झालं.

त्याच तहसीलचा हुकूम होता: मंडळाच्या हवामान यंत्रावर चाळीस चढलं की अकरा ते चार काम बंद, हजेरी पुरी. सगळीकडं बंद होतं. बोरतळ्याचं यंत्र एकतीसवर बसलं होतं, म्हणून बोरतळ्याच्या बाया भर उन्हात टोपली उचलत होत्या. कागदावर ऊन नाही म्हणजे गावात ऊन नाही. सरकारला उकडत नसतं.

आणि त्या साठ बायांत तिची सून तनुजा होती. सातवा महिना. दहाव्या दिवशी तनुजा टोपली घेऊन चढताना गपकन बसली आणि म्हणाली, "आत्या, घाम येईना मला." सासूला ती आत्याच म्हणायची. महामायानं तिच्या गळ्याला हात लावला. कोरडा, तव्यासारखा. संध्याकाळी नर्सबाईनं पोट तपासलं आणि महामायाला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी एक दुपार हिला उन्हात ठिवली, तर दोघांतलं कोण ऱ्हाईल ते मी सांगू शकत न्हाई."

"घरी बस," महामाया म्हणाली.

"नाव कटंल. एकदा कटलं की पुन्हा चढवायला तुम्हीच दोन महिने हिंडता. आन् घरी तरी काय, पत्र्याखाली भाजूनच निघायचं."

सकाळी तनुजा पुन्हा तळ्यावर गेली. सासूवर गेलेली सून, ऐकते कुठली. महामायानं रोजगार सेवकाला, मृत्युंजयला गाठलं. त्यानं फोन पुढं केला. "एकतीस, मावशी. डोळ्यानं बघा."

"माझ्या डोळ्यांना आग दिसून राहिली अन् तू मला फोन दाखवतो?"

"वर तेच जातंय. मशीन काय खोटं बोलतं का?"

"मशीनचं तोंड पाहून येते मग मी."

मृत्युंजयनं घड्याळाकडं बघितलं. बारा वाजत आले होते, आणि यंत्र होतं गावाबाहेर, रुद्रभूमीच्या पलीकडं. रुद्रभूमी म्हणजे लिंगायतांची मूठमातीची जागा. भरल्या बाराला तिकडं बोरतळ्याचं कुत्रंसुद्धा जात नाही. "चार वाजता जाऊ की," तो म्हणाला. महामायानं पदर डोक्याला आवळला. भूतबीत तिला चालत नव्हतं. तिच्या बापानं घरातले सगळे देव एका दिवसात नदीत सोडले होते, भुतं कोण ठेवणार?

तरी वाटेत तिचं अंग शहारलं. त्या दुपारला सावलीच नव्हती. समाध्यांच्या चिऱ्यांवर हवा थरथरत होती, पाण्याखाली बघितल्यागत सगळं हलत होतं. पाखरू नाही, वारा नाही. आणि त्या कोरड्या ठाक शांततेत तिला आवाज आला.

टप. टप. टप.

पाणी. टिपूसभर ओल नसलेल्या माळावर पाणी ठिबकत होतं.

ती थबकली. तारेच्या कुंपणात यंत्राचा खांब होता, त्याला एकावर एक पांढऱ्या ताटल्या ठेवल्यागत तो तापमानाचा डबा. डब्याला कुणीतरी ओलं पोतं गुंडाळलं होतं, बाळंतिणीचं डोकं बांधावं तसं. वर तीन काठ्यांच्या तिकाटण्याला भोकाची घागर टांगलेली, उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर लावतात तशी गळती. पोत्यावर हळद-कुंकू. आणि खाली, पांढऱ्या लुगड्यात, एक आकृती डब्याशी हळू आवाजात बोलत होती.

"कोण हाय?" महामायाचा आवाज फुटला.

आकृती वळली. पार्वतम्मा. ऐंशीची म्हातारी, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. यंत्र बसवलं तेव्हा राखणीला तिचा नवरा ठेवला होता. तो गेला, चावी हिच्या कनवटीला राहिली.

"हळू बोल गं, यव्वा," म्हातारी म्हणाली. "आत्ताच निवालंय ते."

"अम्मा, काय केलंस हे?"

"ह्याच्यातच हाय सगळं बिसिलु." कानडीतल्या उन्हाचं नाव तिनं देवाचं घ्यावं तसं घेतलं. "हे आलं अन् ऊन वाढलं. मी एक घागर ओतली, नातवानं फोन बघितला, बेचाळीसचं तेहतीस झालं. पोतं बांधलं, एकतीस झालं. तवापासून मीच धरून ठिवलंय. रोज सात खेपा." तिनं हात दाखवला. चुंबळ, घागर, तापलेली वाट, सगळं त्या तळहातावर फोडांनी लिहिलेलं होतं. "मी थांबले तर गाव जळंल."

महामायाला हसायला आलं नाही. सबंध गावाची दुपार या म्हातारीच्या मुठीत होती, आणि ती मूठ मायेची होती. पण तळ्यावर तनुजा होती.

तिनं गाठीला हात घातला.

"शिवू नको! गळतीला शिवू नको!"

"शिवू नको म्हणायचा जमाना गेला, अम्मा," महामाया म्हणाली आणि घागर उतरवली. पोतं सोडलं. डबा वाफाळला आणि क्षणात कोरडा झाला. मग ती फोन घेऊन बसली. म्हातारी तिच्या खांद्यावरून बघत होती.

पंधरा मिनिटांनी छत्तीस. मग एकेचाळीस. मग चव्वेचाळीस.

प्रत्येक आकड्याला पार्वतम्मा मार खाल्ल्यासारखी कण्हत होती. शेवटी तिनं महामायाकडं पाहिलं. गंजीला काडी लावणाऱ्याकडं माणूस जसं बघतं तसं. "तू सोडलंस ते," ती म्हणाली.

तासाभरात काम बंद झालं. हजेरी पुरी लागली. महामायानं तनुजाला विहारात नेऊन निजवलं, तिथं सिमेंटचा स्लॅब होता, जरा गार. ओलं फडकं बदलता बदलता तीन वाजता पोट हललं. तनुजानं सासूचा हात ओढून तिथं ठेवला. आतून लाथ बसली, चांगली सणसणीत. महामाया दोन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेऊन भिंतीला टेकली.

बाहेर पावलं वाजली. दारात सिंधु होती, तळ्यावरच्या साठांतली एक. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. रोज अंगावर येऊन बोलणारी बाई, आज आवाज खाली.

"महामायाबाई, अंदाज आलाय. उद्या पंचेचाळीस म्हणून राहिलेत."

"मग?"

"पार्वतम्मानं सांगितलंय. गावात सगळ्यांला कळलंय, ऊन कुणी सोडलं ते." सिंधुनं पदर सारखा केला. "जरा कमी करा की. लेकरंबाळं हायेत."

महामायानं तिच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. नव्हती. सिंधुच्या मागं, त्या पांढऱ्या उन्हात, आणखी चौघी डोक्यावर पदर घेऊन गुमान उभ्या होत्या. एकीच्या हातात नारळ होता.