कंपनीच्या गणवेशातला चोर

आमच्या ह्यांचा आवाज गोड. चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला असले, तरी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत गाणारी भूमिका ठरलेली ह्यांचीच. त्या वर्षी गमतीचं संगीत नाटक बसवलं होतं. एक भुरटा चोर तांब्याची केबल चोरतो, बातमीवाले त्याच्या मागे लागतात आणि तो इतका प्रसिद्ध होतो, की पोलीसच त्याच्यासोबत फोटो काढतात. चोर अर्थात हे. आपल्या कंपनीची माणसं हसतील म्हणून ह्यांनी स्टेजवर कंपनीचाच गणवेश घातला. इस्त्री मी करून दिली. चिंचवडच्या नाट्यगृहात ‘चोरी केली अन् नाव झालं’ म्हणत हे असे काही नाचले, की शिट्ट्या थांबेनात. मी तर हसून हसून बेजार झाले.

पुढे दिवाळीनंतर कंपनीत खरोखरच केबल चोरीला गेली. पोलिसांनी मेंटेनन्सच्या सगळ्यांनाच चौकशीला बोलावलं, त्यात हेही गेले. संध्याकाळी परत येईपर्यंत रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत घरोघरच्या मोबाइलवर ह्यांचा नाच पोचला होता. मोबाइलवर बातम्या देणाऱ्या कुठल्याशा चॅनेलने नाटकाचा तुकडा उचलून खाली लिहिलं होतं, ‘कंपनीच्या गणवेशात चोराचा जल्लोष’. नाटकाचा उल्लेख औषधालासुद्धा नाही. गणवेश खरा, माणूस खरा, म्हणजे चोरीही खरीच.

थोड्याच दिवसांत भंगार नेणाऱ्या टेम्पोवाल्याकडे केबल सापडली आणि कंपनीने तोवर घरी बसवलेले हे परत कामाला जाऊ लागले. चॅनेलवाला माइक घेऊन दारात हजर. म्हणाला, "वहिनी, दादांची बाजू दाखवतो ना. फक्त ते गाणं एकदा म्हणायला सांगा, लोक बघतात." त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. शेजारणीच्या पाहुण्यांना मात्र ह्यांच्यासोबत सेल्फी हवा होता, आणि ह्यांनी तो काढू दिला. नाही म्हणणं ह्यांना कधी जमलंच नाही.

मला त्या सगळ्याची फार हळहळ वाटते. नुसता राग असता तर कुणाशी तरी भांडून मोकळी झाले असते. ह्यांनी ज्या गोष्टीची टिंगल केली तीच ह्यांच्या गळ्यात पडली, आणि ह्यांच्या बायकोला ते थांबवता आलं नाही.

सासूबाई लातूरकडे गावी असतात. गुडघ्यांमुळे इकडे येणं होत नाही, त्यामुळे मुलाचं एकही नाटक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. गावात कुणीतरी त्यांना मोबाइलवर तो नाच दाखवला. त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. ह्यांनी स्पीकर लावला.

"गाणं लई ग्वाड म्हणलास बाळा," त्या म्हणाल्या. "पण चोरी कशाला केलास?"

ह्यांनी ताट बाजूला सारलं. नाटक, स्पर्धा, टेम्पोवाला, सगळं नीट समजावून सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता परत नको करू."